जमिनीचे सर्च रिपोर्ट सोडून एनर्जी लॉमध्ये जावं का? सोलर-बॅटरीवाल्या कंपनीची ऑफर आलीय

सातबारावाला · काल रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, खूप दिवस नुसताच वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, लांबलंय, सांभाळून घ्या.

वकिली सुरू करून पाच वर्षं झाली, नगर जिल्ह्यात आहे. आधी एका सरांकडे वाटपाचे दावे, हद्दीचे वाद, वहिवाटीच्या रस्त्याची भांडणं, नेहमीचंच. मग सौर कृषी वाहिनीची कामं निघाली आणि एका डेव्हलपरचं जमिनीचं काम माझ्याकडे आलं, तेव्हापासून तेच चाललंय. तीस वर्षांचा सर्च, भाडेपट्टा, फेरफार. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं म्हटल्यावर शेतकरी तयार असतात हो, पण एका गटात चौदा नावं, त्यात दोन बहिणी लग्न होऊन गेलेल्या, त्यांच्या सह्या आणायला मी स्वतः गाडीवर वैजापूरला गेलोय, भर एप्रिलमध्ये. आणि सगळं जमलं की इतर हक्कात कुठलीतरी १९८० सालची सोसायटीची बोजाची नोंद निघते नाहीतर जमीन भोगवटादार वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय देता न येणारी) निघते, की परत कलेक्टर ऑफिस.

आता पुण्यातल्या एका मध्यम कंपनीची ऑफर आलीय, लीगल अँड रेग्युलेटरी असं पद आहे. त्यांचं ओपन अ‍ॅक्सेसचं सोलर आहे (महावितरणच्या तारा वापरून थेट कारखान्यांना वीज), ग्रुप कॅप्टिव्ह आहे (कारखाने भागीदार होऊन स्वतःसाठीच वीज बनवतात ते), आणि आता बॅटरी स्टोरेजची टेंडरं भरायला लागलेत. इंटरव्ह्यूत साहेबांनी एकच प्रश्न नीट विचारला, "बॅटरी म्हणजे जनरेटर की ग्राहक?" मी म्हटलं चार्ज होताना ग्राहक, डिस्चार्ज होताना जनरेटर. साहेब हसले आणि म्हणाले, "मग बिल कुणाच्या नावाने पाठवायचं?" माझी बोबडी वळली. तरीपण ऑफर दिली, का दिली देव जाणे, बहुतेक सातबारा वाचता येतो म्हणून.

तर विचारायचंय असं की हे खरंच वकिली काम आहे का नुसतं फॉर्म भरायचं कंप्लायन्स, कोर्ट सुटेल का कायमचं, दिल्लीला जावंच लागतं का, आणि माझं फिजिक्स बारावीला संपलंय त्याचं काय. पगार आत्ताच्या कमाईपेक्षा बरा आहे पण इथे स्वतःचं थोडंफार नाव झालंय ते सोडवत नाहीये. आई म्हणते कोट काढू नकोस.

---

पंधरा_मिनिटं · काल रात्री १२:२५

मी वकील नाही, इंजिनिअर आहे, रेग्युलेटरी डिपार्टमेंटला बारा वर्षं घासलीत, वकिलांच्या मागे फाइल घेऊन उभा राहणारा माणूस मीच. त्यामुळे दुसऱ्या बाजूने सांगतो.

फिजिक्सची काळजी सोड. व्होल्टेज-करंट कुणी विचारत नाही, पण एक्सेल उघडता आलं पाहिजे. आमच्याकडे दिवसाचे २४ तास नसतात, ९६ ब्लॉक असतात, प्रत्येक ब्लॉक १५ मिनिटांचा (म्हणून माझं नाव हे). प्रत्येक ब्लॉकला तू किती वीज देणार हे आधी सांगायचं आणि प्रत्यक्षात किती दिली त्याचा फरक पैशात भरायचा. ढग आला तरी तुझाच दोष. आता वकिलाला वाटतं हे आपलं काम नाही, पण भांडण होतं ते नेमकं त्या फरकावर, आणि सुनावणीत वीज नियामक आयोगाने विचारलं की ब्लॉक ४२ ला काय झालं, तर वकीलसाहेब मागे वळून माझ्याकडे बघतात. ब्लॉक ४२ म्हणजे सव्वादहा ते साडेदहा, एवढं तरी पाठ असावं.

बॅटरीचं उदाहरण घे. समज १०० मेगावॅट, २०० मेगावॅट-तासांची बॅटरी आहे, दर महिन्याला मेगावॅटमागे २ लाख २० हजार. म्हणजे महिन्याला २ कोटी २० लाख. वीज तुझी नाहीच, चार्जिंगची वीज डिस्कॉमची (महावितरणसारखी वीज वाटणारी कंपनी), परत घेणारी पण डिस्कॉम, तू फक्त गोदाम भाड्याने दिलंस. बटाटे त्यांचे, कोल्ड स्टोरेज तुझं. करारात लिहिलेलं असतं की ९५ टक्के उपलब्धता पाहिजे आणि १०० युनिट आत गेले तर ८५ तरी बाहेर आले पाहिजेत. उपलब्धता ९० वर आली तर फरक ५ टक्के, म्हणजे ५ मेगावॅट, गुणिले २.२ लाख, आणि दंड दुप्पट धरलेला असेल तर २२ लाख गेले एका महिन्याला. आता ती ९० टक्के मोजायची कशी? देखभालीचे दिवस वजा करायचे का? डिस्कॉमने चार्जिंगला वीजच दिली नाही तो तास कुणाच्या खात्यात? ग्रिड पडलं तर? हे सगळं व्याख्येत असतं, आणि ती व्याख्या टेंडरच्या प्री-बिड मीटिंगमध्ये कुणी वाचलेली नसते कारण सगळे दर किती खाली टाकायचा यात गुंग.

दर किती खाली गेलेत बघ. ऑगस्ट २०२२ ला सेकीच्या (केंद्र सरकारची सोलर कंपनी) टेंडरला १०.८४ लाख आला होता, डिसेंबर २०२४ ला राजस्थानच्या टेंडरला २.२१ लाख. मधे बॅटऱ्या स्वस्त झाल्या, आणि दुसऱ्यात केंद्राचं व्हीजीएफ म्हणजे अनुदान होतं, हे धरूनसुद्धा एवढ्या दरात चुकायला जागा उरत नाही. जिथे जागा उरत नाही तिथे वकील लागतो.

---

कोर्टाची_पायरी · आज सकाळी ७:५०

एनर्जी लॉ वगैरे काही नसतं हो. महावितरण पैसे देणार का नाही आणि दिले तर कधी, एवढाच सगळा कायदा आहे. बाकी दिल्लीवाल्या फर्मांनी तासाचे रेट लावायला काढलेलं नाव. नगरलाच राहा, जमिनी कुठे जात नाहीत.

---

मधली_सुट्टी · आज सकाळी ९:१०

कोर्टाची_पायरी यांना नमस्कार, तुमचं निम्मं खरं आहे, पैसे कधी येणार हाच कायदा आहे, पण "कधी" साठीसुद्धा २०२२ चे लेट पेमेंट सरचार्जचे नियम आहेत आणि ते वाचावे लागतात 😄

@सातबारावाला, मी नऊ वर्षं इन-हाउस म्हणजे कंपनीतच वकील आहे, आधी मीही जिल्हा कोर्टातच होते, सोलापूरला. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे तुझ्या साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर. २००३ चा वीज कायदा झाला तेव्हा बॅटरी कुणाच्या डोक्यात नव्हती. कायद्यात जनरेशन, ट्रान्समिशन, डिस्ट्रिब्युशन, ट्रेडिंग आहे, साठवण नाही. मग २९ डिसेंबर २०२२ ला वीज नियमांमध्ये दुरुस्ती झाली आणि त्यात सांगितलं की साठवण हा 'पॉवर सिस्टिम'चाच भाग, ती कशासाठी वापरतोयस त्यावर तिचा दर्जा ठरणार, जनरेशनला जोडलीस तर जनरेशन, लाइनसाठी ठेवलीस तर नेटवर्क, आणि कुणालाच न जोडता स्वतंत्र उभी केलीस तर जनरेटिंग कंपनीसारखं लायसन्स लागत नाही. त्यामुळे "जनरेटर की ग्राहक" याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात नाही, करारात आणि मीटरवर आहे. तू जे बोललास ते फार चुकीचं नव्हतं, फक्त पुढचा प्रश्न त्यांनी विचारायच्या आधी तू विचारायला हवा होतास.

कंप्लायन्स आहेच, नाही म्हणत नाही. पण खरं काम तारखा सांभाळण्याचं आहे आणि त्या तारखा भयंकर असतात. चेंज इन लॉ चं घे. दर २५ वर्षांसाठी ठरलेला, मधेच सरकारने कर वाढवला तर ते पैसे मागता येतात. ऑक्टोबर २०२१ च्या नियमांप्रमाणे आधी समोरच्याला तीन आठवड्यांची नोटीस, मग हिशोब, तो कायदा बदलल्यापासून ३० दिवसांत किंवा नोटिशीचे तीन आठवडे संपल्यावर, जे नंतर असेल ते. तरी आमच्या आधीच्या एका कंपनीत (नाव नको) नोटीस प्रोजेक्टच्या मुलाने पाठवली, ईमेलने, विषय काय तर "जीएसटी संदर्भात". करारात लिहिलेलं की नोटीस रजिस्टर्ड पोस्टाने, ठरलेल्या पत्त्यावर, ठरलेल्या हुद्द्याच्या माणसाला. समोरच्यांनी पहिला आक्षेप तोच घेतला. तो एक ईमेल सांभाळायला मला साडेतीन वर्षं लागली.

आणि बदल कधीपासून धरायचा? टेंडर भरायच्या शेवटच्या तारखेनंतर झाला तरच. सोलर मॉड्यूलवर ४० टक्के आणि सेलवर २५ टक्के ड्युटी १ एप्रिल २०२२ पासून लागली, पण जाहीर त्याच्या वर्षभर आधीच झालेली. मग ज्याने मधल्या काळात बोली लावली त्याला ते माहीत होतं असंच धरणार ना? अशा एकेका तारखेवर कोट्यवधींचं भांडण.

ग्रुप कॅप्टिव्हवाल्या कंपनीत जातोयस तर हे आजच पाठ कर, २६ टक्के मालकी आणि ५१ टक्के वापर, आर्थिक वर्षाच्या हिशोबाने. हे दोन जमले नाहीत तर वर्षभराच्या विजेला कॅप्टिव्ह मानत नाहीत आणि क्रॉस सबसिडी सरचार्ज (स्वस्त विजेच्या ग्राहकांचा भार उचलायचा जादा आकार) बसतो. सुप्रीम कोर्टाने ९ ऑक्टोबर २०२३ ला गायत्री शक्ती पेपरच्या केसमध्ये स्पष्ट केलंय की मालकी पूर्ण वर्षभर टिकली पाहिजे, ३१ मार्चला शेअर नावावर करून चालत नाही, आणि वापर मालकीच्या प्रमाणात लागतो. आमच्याकडे एक छोटी फाउंड्री भागीदार होती, त्यांच्या दोन भावांच्यात वाटणी झाली आणि शेअर गेले धाकट्याकडे, कारखाना राहिला थोरल्याकडे. ज्याच्याकडे मालकी त्याच्याकडे वापर नाही! हे मला कळलं कधी, तर डिसेंबरात त्यांच्या अकाउंटंटने सहज फोनवर सांगितलं तेव्हा. आता सांग, हे वाटपाच्या दाव्यातून आलेल्या वकिलाला समजणार का दिल्लीच्या फर्ममधल्या मुलाला?

चहा आला, बाकी नंतर.

---

सातबारावाला · आज सकाळी १०:३०

ताई, फाउंड्रीचं वाचून हसलो आणि मग हसू गेलं 🙏 आमच्याकडे हे रोज असतं.

@पंधरा_मिनिटं दादा, कोल्ड स्टोरेजचं उदाहरण एकदम डोक्यात बसलं. पण मग एक शंका, बटाटे थंड ठेवायला पण वीज लागते ना? त्या बॅटरीच्या कंटेनरला एसी असतो म्हणे. त्याचं बिल कोण भरतं?

---

पंधरा_मिनिटं · आज सकाळी १०:४५

अरे वा. तुला नोकरी का दिली ते कळलं.

---

काळा_कोट_पांढरी_बँड · आज दुपारी १:१५

लंच ब्रेकमध्ये लिहितोय, चुका माफ. मी मुंबईत प्रॅक्टिस करतो, गेली अठरा वर्षं एमईआरसी (राज्याचा वीज नियामक आयोग), अ‍ॅप्टेल (विजेचं अपील न्यायाधिकरण) आणि अधूनमधून हायकोर्ट. कोर्ट सुटेल का या प्रश्नाबद्दल बोलतो.

कोर्ट सुटत नाही, बदलतं. कफ परेडला वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या तेराव्या मजल्यावर आयोग आहे, आता बऱ्याच सुनावण्या ऑनलाइन होतात पण सुरुवातीची वर्षं मी त्या लिफ्टच्या रांगेत काढलीत. तिथे पुराव्याचा कायदा घेऊन उलटतपासणी करायला गेलास तर तोंडावर पडशील. समोर बसलेल्यांत इंजिनिअर असतात, वित्तवाले असतात, आणि कायद्याचा माणूस पण असलाच पाहिजे असं सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०१८ ला गुजरातच्या केसमध्ये सांगितलं. त्यांना आकडा आधी पाहिजे, कलम नंतर. मी पहिल्या पिटिशनमध्ये बावीस पानं निवाडे लावले होते, एका सदस्यांनी शांतपणे विचारलं, "वकीलसाहेब, युनिटमागे किती पैसे?" मला सांगता येईना.

कोणत्या दारात जायचं हे समजलं की निम्मी वकिली आली. डिस्कॉम आणि जनरेटरचं भांडण असेल तर कलम ८६(१)(फ), राज्याचा आयोग, आणि करारात लवादाचं कलम असलं तरी तो लवाद नेमायचा का स्वतः ऐकायचं हे आयोगच ठरवणार, हे २००८ ला गुजरात ऊर्जा विरुद्ध एस्सारमध्ये पक्कं झालं. एकापेक्षा जास्त राज्यांना वीज विकत असाल तर कलम ७९, केंद्रीय आयोग. अपील अ‍ॅप्टेलला, ४५ दिवसांत. पण आयोगाने रेग्युलेशनच चुकीचं केलं असं म्हणायचं असेल तर अ‍ॅप्टेल ते बघू शकत नाही, २०१० चा पीटीसीचा घटनापीठाचा निवाडा, तिथे रिट घेऊन हायकोर्टातच. लोक चुकीच्या दारात दोन-दोन वर्षं उभे राहिलेले बघितलेत मी.

कोर्टाची_पायरी, महावितरणचंच बोलायचं तर १० डिसेंबर २०२१ चा जेएसडब्ल्यू स्टीलचा निवाडा वाचा. कॅप्टिव्ह ग्राहकाला अ‍ॅडिशनल सरचार्ज (डिस्कॉम सोडून बाहेरून वीज घेणाऱ्यांवरचा आणखी एक आकार) लागणार नाही असं सुप्रीम कोर्टाने महावितरणच्या अपिलात सांगितलं. एका निवाड्याने किती कारखान्यांचा हिशोब बदलला. हे "काही नसतं" तर मग काय असतं?

आता रोजचं काम कसं असतं ते एक सांगतो. सोलरच्या सामानावरचा जीएसटी ५ वरून १२ टक्के झाला १ ऑक्टोबर २०२१ ला. एका सोलर डेव्हलपरचा क्लेम माझ्याकडे आला. कायदा साधा, चेंज इन लॉ आहेच, समोरचापण फार नाकारत नव्हता. पण अशा क्लेममध्ये प्रोजेक्ट, माल आणि इनव्हॉइस यांची एकास एक जुळणी लागते, ऑडिटरच्या सर्टिफिकेटसकट. ऑफिसात अकरा खोकी आली. केबलची बिलं एका प्रोजेक्टच्या नावावर, माल उतरवला शेजारच्या दुसऱ्या प्रोजेक्टवर, कारण ट्रक तिथे आधी पोचला. ई-वे बिल तिसऱ्याच गावचं. माझी ज्युनियर आणि मी दिवाळीच्या सुट्टीत जमिनीवर बसून बिलं लावत होतो, फराळाच्या डब्यावर एक इनव्हॉइस ठेवलं गेलं आणि त्यावर चकलीचं तेल. तेच इनव्हॉइस समोरच्यांनी मूळ प्रत दाखवा म्हणून मागितलं! दाखवलं. तेलासकट. मान्य झालं. क्लेमचा बहुतेक भाग मिळाला, जे ट्रकवाल्याने घोळ घातलेले ते गेले.

म्हणून सातबारावाला, तू जे फेरफार एकामागे एक लावतोस ना, हे तेच काम आहे, कागद वेगळे.

दिल्लीचं: अ‍ॅप्टेल तिथे आहे, सीईआरसी म्हणजे केंद्रीय आयोग तिथे आहे, मोठं काम तिथे जातं हे खरं. पण राज्याच्या आयोगातली मुळं ज्याची पक्की त्याला दिल्लीवाले स्वतः फोन करतात. आणि मराठी सोडू नकोस. दरवाढीच्या पिटिशनची जाहीर सूचना मराठी पेपरात येते, जनसुनावणीत माणसं मराठीत बोलतात. इचलकरंजीचे प्रताप होगाडे यंत्रमागधारकांच्या बाजूने आकडे घेऊन उभे राहतात, पुण्याचा प्रयास एनर्जी ग्रुप लेखी सूचना देतो, त्या वाच. वकील नसलेल्या माणसांकडून मी या विषयातलं जास्त शिकलोय. पुस्तकं नको घेऊस, आदेश वाच, आणि त्यातला "आयोगाचं विश्लेषण" वाला भाग आधी न वाचता आक्षेपांचा भाग आधी वाच.

---

गुहागरकर · आज दुपारी २:०५

विषय निघालाच आहे तर. बॅटरीच्या करारात मेगावॅटमागे महिन्याला ठराविक पैसे, वापरा नाहीतर नका वापरू, हे वाचून आमच्या पिढीला दाभोळ (एन्रॉनचा वीज प्रकल्प) आठवतंय. तिथेपण कपॅसिटी चार्ज होता, वीज उचलली नाही तरी बोर्डाने (राज्य वीज मंडळाने) द्यायचा, शिवाय डॉलरशी बांधलेला. १९९३ चा करार, १९९५ ला रद्द, परत वाटाघाटी, १९९९ ला ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू आणि २००१ ला बोर्डाने हात वर केले. माझे वडील त्या वेळी बोर्डात होते, घरात जेवताना दुसरा विषय नसायचा. आता स्टोरेजमध्ये तेच होणार नाही कशावरून?

---

मधली_सुट्टी · आज दुपारी ३:३०

@गुहागरकर काका, प्रश्न योग्य आहे पण फरक आहे. दाभोळ टेंडरशिवाय झालं होतं, हे सगळं कलम ६३ खाली बोलीने येतंय आणि आयोगाने दर मान्य केल्याशिवाय पुढे जात नाही. इंधन नाही, डॉलर नाही. माझी भीती उलटी आहे, दर इतके खाली आलेत की डिस्कॉम नाही, डेव्हलपरच हात वर करेल. शिवाय दहा वर्षांनी त्या बॅटरीची क्षमता किती उरेल हे आज कुणी छातीठोक सांगत नाही, आणि करार मात्र बारा-पंधरा वर्षांचे. सेल बदलायचे झाले तर त्या वेळचा भाव, त्या वेळची ड्युटी, ते चेंज इन लॉ मध्ये बसणार का? मी आमच्या मसुद्यात ते वाक्य घालायला तीन महिने भांडतेय.

आणि सकाळी अर्धं राहिलं ते, महाराष्ट्रात ओपन अ‍ॅक्सेसमध्ये येतोयस तर नियम मांडीखालून काढले जातात याची सवय लाव. बँकिंग म्हणजे दुपारची जास्तीची सोलर वीज महावितरणकडे जमा ठेवायची आणि नंतर वापरायची. ती महिन्याच्या महिन्याला संपवायची, आणि ऑफ-पीकला (मागणी कमी असताना) जमा केलेली पीकला (जास्त मागणीच्या तासांत) काढता येत नाही. आता पीकचे तास कुठले हे कोण ठरवतं, तर आयोगाचा दर आदेश. २८ मार्च २०२५ ला बहुवर्षीय दर आदेश आला, २ एप्रिलला त्याला स्थगिती, २५ जूनला रिव्ह्यू आदेश, मग लोक हायकोर्टात. संध्याकाळी ५ ते रात्री १२ पीक धरलं की दुपारी बनवलेलं युनिट कारखान्याच्या दुसऱ्या पाळीला उपयोगाचं नाही. ज्याने प्रोजेक्ट जुन्या स्लॉटवर बँकेतून कर्ज काढून बांधला त्याचं काय! पण गंमत बघ, याच कारणाने बॅटरी विकली जाते. दुपारचं संध्याकाळी न्यायचं तर आता महावितरणच्या वहीत जमा ठेवून भागत नाही, खरोखरची साठवण लागते. तुझ्या कंपनीला अचानक स्टोरेजचं प्रेम आलं ते यातूनच.

आंतरराज्य असेल तर आणखी. ३० जून २०२५ पर्यंत सुरू झालेल्या सोलर-विंडला ट्रान्समिशन चार्ज पूर्ण माफ, त्यानंतर वर्षाला २५-२५ टक्क्यांनी माफी कमी. प्रोजेक्टला लागून असलेल्या बॅटरीला मात्र जून २०२८ पर्यंत मुदत वाढवलीय. २०२५ च्या त्या जूनच्या शेवटच्या आठवड्यात आमची माणसं साइटवर झोपत होती, मी ऑफिसात कमिशनिंगच्या (प्रकल्प सुरू झाल्याच्या) कागदांची वाट बघत.

---

थेम्सकाठ · आज संध्याकाळी ६:२०

मूळची डोंबिवलीची, सध्या लंडनमध्ये एनर्जी टीममध्ये आहे. "बॅटरी म्हणजे काय" हा गोंधळ फक्त आपल्याकडे नाही एवढं सांगायला आले. इथेपण साठवणीला जनरेशनचाच एक प्रकार धरायचा हे ऑफजेमच्या (इथला वीज-गॅसचा नियामक) लायसन्समध्ये आधी आलं आणि कायद्यात स्पष्ट लिहायला २०२३ चा एनर्जी अ‍ॅक्ट उजाडला. त्याआधी मोठा वाद हाच होता की चार्ज होताना ग्राहक म्हणून आकार घेता आणि तीच वीज शेवटच्या ग्राहकाकडे पोचली की परत घेता, म्हणजे एकाच युनिटवर दोनदा. तुमच्या साहेबांचा "बिल कुणाला" प्रश्न इथल्या इंटरव्ह्यूत पण चालला असता 🙂

---

काळा_कोट_पांढरी_बँड · आज संध्याकाळी ७:४०

थेम्सकाठ, बरोबर. आणि सातबारावाल्याने सकाळी विचारलेल्या एसीच्या प्रश्नाचं उत्तर कुणीच दिलं नाही, पंधरा_मिनिटं कौतुक करून पळाले. उत्तर असं की चार्जिंगची वीज डिस्कॉम देते, पण थंड करणं, आग विझवण्याची यंत्रणा, कंट्रोल रूम, ही सहायक वीज बहुतेक करारांत डेव्हलपरच्या माथी असते. आता ती जर त्याच मीटरमधून गेली तर ८५ टक्क्यांचा हिशोब बिघडतो, आत गेलेले युनिट जास्त दिसतात. वेगळं कनेक्शन घेतलं तर कुठल्या कॅटेगरीचा दर, औद्योगिक का कमर्शियल, आणि काँट्रॅक्ट डिमांड किती. मे महिन्यात विदर्भात ४५-४६ डिग्रीला तो एसी किती खातो ते इंजिनिअरला विचार.

---

पंधरा_मिनिटं · आज संध्याकाळी ८:०५

पळालो नव्हतो, मीटिंग होती. खूप खातो.

---

सातबारावाला · आज रात्री १०:५५

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

आज संध्याकाळी त्या साहेबांना फोन केला. म्हटलं सर जॉइन व्हायच्या आधी तुमच्या बॅटरीच्या कराराचा एक मसुदा वाचायला मिळेल का. त्यांनी एनडीए वर (गोपनीयतेचा करार) सही घेऊन एक जुन्या टेंडरबरोबर आलेला नमुना पाठवला, १३० पानं. जेवण झाल्यावर वाचायला बसलोय. उपलब्धतेची व्याख्या सापडली, देखभालीचे दिवस वजा होतात पण त्याची आगाऊ सूचना द्यायची मुदत दोन ठिकाणी दोन वेगळी लिहिलीय, एकीकडे ७ दिवस आणि परिशिष्टात १५. सहायक विजेवर एकच ओळ आहे, "डेव्हलपरची जबाबदारी", बस. मीटर कुठे बसवायचा त्याचा नकाशा परिशिष्टात असेल म्हणून उघडला, तर एक सिंगल लाइन डायग्राम (जोडणीचा आराखडा) आहे, त्यात मेन मीटर, चेक मीटर (पडताळणीचा दुसरा मीटर), ट्रान्सफॉर्मर, बॅटरीचे चौकोन, सगळं आहे. एसीची लाइन काढलेलीच नाहीये. साहेबांना मेसेज टाकलाय, बघू काय म्हणतात. पंधरा_मिनिटं दादा, तुम्हाला तो डायग्राम दाखवता येणार नाही एनडीएमुळे, पण साधारण असा चौकोन कुठून जोडतात ते एका कागदावर काढून पाठवाल का?

---

पंधरा_मिनिटं · आज रात्री ११:१०

काढतो. तू आधी हे बघ की त्यात चेक मीटर ट्रान्सफॉर्मरच्या कुठल्या बाजूला दाखवलाय. आणि आईला सांग, कोट ठेव म्हणावं, लागेल.